चव्वेचाळीस पूर्णांक सदतीस

४ जानेवारी

नवीन वर्षाचा संकल्प चार दिवस उशिरा केला, कारण पहिले तीन दिवस विचारात गेले. संकल्प असा: स्वतःसाठी जगणं बंद, समाजासाठी सुरू. राज्य हौशी क्रीडा महोत्सवाला स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. एकोणीस खेळ, चार दिवस, सहा हजार खेळाडू. आणि हे सगळं चालवणार कोण, तर माझ्यासारखी बिनपगारी माणसं. फॉर्मवर ‘कोणते काम करण्यास आवडेल’ या प्रश्नाखाली अकरा चौकोन होते. अकराही चौकोनांत बरोबरच्या खुणा केल्या. मागे हटणं आपल्या स्वभावातच नाही.

संध्याकाळी हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी स्वयंपाकघरातला नळ गळतोय तो बघा. मोठ्या कामांना घरून विरोध होतोच.

१२ जानेवारी

जलतरणासाठी टाइमकीपर म्हणून निवड झाली! प्रमुख टाइमकीपर म्हणजे शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई. फोनवर विचारलं, काही अनुभव? मी सांगितलं, एकवीस वर्षं वजनकाट्यांच्या कारखान्यात आहे, आमच्याकडे ग्रॅमचा फरक चालत नाही. मी डिस्पॅचला असतो, म्हणजे काटे खोक्यात भरून पाठवतो, हे सांगायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

अण्णाही यंदा महोत्सवात उतरणार आहेत. अण्णा म्हणजे सासरे. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. पन्नास मीटर फ्रीस्टाइल, वयोगट पासष्ट ते एकोणसत्तर. छापखान्यात पस्तीस वर्षं प्रूफरीडर होते. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळायचा, आता माझ्या फुकट काढतात. सोळा वर्षांत माझं कौतुक एकदाच केलं, ते लग्नात. पत्रिकेत माझं नाव बिनचूक आलंय म्हणाले. नीट पाहिलं तर तेही कौतुक छापखान्याचंच होतं.

८ फेब्रुवारी

टाइमकीपरांचं प्रशिक्षण. सहा ते आठ. स्टॉपवॉच कसं धरायचं, बोट कुठलं, शिट्टी ऐकून दाबायचं की दिवा बघून. अहो, बटण आहे! दाबायला दोन तास लागतात का? साडेसातला चहा-बिस्किटं आली. ती झाल्यावर सरळ निघालो. माझे जोडीदार दाताचे डॉक्टर आहेत. ते शेवटपर्यंत बसून वहीत लिहून घेत होते. काही लोकांना आत्मविश्वास कमी असतो.

घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, शेवटचा अर्धा तास काय शिकवलं. म्हटलं, उजळणी.

२१ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

तलावावर सगळ्यांच्या आधी हजर. (बाई सोडून. त्या बहुतेक रात्रीच येऊन बसल्या असाव्यात.) टोपी, टी-शर्ट, गळ्यात स्टॉपवॉच. हिने फोटो काढला, पण त्यात माझ्यापेक्षा फिनेलची बाटलीच ठळक आली आहे.

लेन चार मिळाली. यादीत पाहिलं तर लेन चारमध्ये अण्णा! निव्वळ योगायोग. सासरे-जावई आहोत हे बाईंना सांगायला हवं होतं का? त्यांनी विचारलं असतं तर नक्की सांगितलं असतं.

दाताच्या डॉक्टरांना फोन आला. कुणाचा तरी गाल सुजलाय, निघावं लागलं. बाई म्हणाल्या की लेनवर दोन घड्याळं हवीत, राखीव टाइमकीपर देते. मी हात जोडून सांगितलं, बाई, मी एकटा पुरेसा आहे. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं.

२१ फेब्रुवारी, ११.५०, तलावामागचा जिना

शांतपणे लिहितो. अक्षर वाकडं येतंय ते थंडीमुळे. थंडी नाहीये, पण पाण्याजवळ गारवा असतो.

अण्णांच्या वयोगटात नऊ जण. लेन सहाच, म्हणून दोन बॅच केल्या. आधी पाच पोहणार, मग चार, आणि नवांच्या वेळा एकत्र लावून पदकं. अण्णा पहिल्या बॅचमध्ये होते. ठोकळ्यावर उभे राहिले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. सोळा वर्षांत पहिल्यांदा! माणूस आहे, मी पण हात हलवला. उजवा. त्याच हातात स्टॉपवॉच होतं. तेवढ्यात शिट्टी झाली.

मग अण्णा असे काही सुटले की बस. वीस मीटरला पुढे, तीस मीटरला आणखी पुढे. मी ओरडत होतो, टाळ्या वाजवत होतो. अण्णांनी भिंतीला हात लावला तेव्हा मी इतक्या जोरात उडी मारली की बूट भिजले. नंतर घड्याळ पाहिलं.

शून्य. शून्य. शून्य. शून्य.

घड्याळ झटकून पाहिलं. बाई पहिल्या लेनपासून चिठ्ठ्या गोळा करत येत होत्या. तिसऱ्या लेनचा माणूस दुसरा आला होता, त्याची चिठ्ठी मला दिसली: ४६.९०. अण्णा त्याच्या बरेच पुढे होते. बरेच म्हणजे किती? एक माणूसभर? दीड? दीड माणूस पोहायला किती लागत असेल? बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. मी लिहिलं: ४४.३७.

सदतीस का? चाळीस लिहिलं असतं तर संशय आला असता.

दुसरी बॅच झाली. त्यातला पहिला आला ४४.६१ मध्ये.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी

अण्णांना सुवर्ण. चोवीस शतांश सेकंदांनी.

रौप्य कुणाला, तर आमच्या गल्लीच्या टोकाच्या सलूनवाल्या काकांना! माझे केस बारा वर्षं तेच कापतात. स्टेजवर त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला आणि पडलेल्या चेहऱ्याने हसले.

खाली उतरून अण्णा माझ्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, जावईबापू, तुम्ही घड्याळावर होतात म्हणून निर्धास्त पोहलो.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हिला वाटलं, आनंदाचं.

२२ फेब्रुवारी

थंड डोक्याने विचार केला. मुद्दा एक: अण्णा पहिले आलेच होते, सगळ्यांनी पाहिलं. मुद्दा दोन: ४४.३७ हा अंदाज असला तरी अनुभवी माणसाचा अंदाज आहे. मुद्दा तीन सुचला नाही.

तरीसुद्धा उद्या सलूनवाल्या काकांना खरं काय ते सांगून टाकणार. माणसाने मोकळं असावं.

२३ फेब्रुवारी

गेलो. काकांनी खुर्चीवर बसवलं, कापड बांधलं. म्हटलं, काका, तुमच्याशी बोलायचंय. ते म्हणाले, बोला की साहेब, मागे बारीक करू का? म्हटलं करा.

केस कापून आलो.

२ मार्च

आज पक्कं ठरवून गेलो. काका स्वतःच बोलायला लागले. दिवसभर उभं राहून कंबर गेली होती, म्हणून साठीला पोहायला शिकले. नऊ महोत्सव झाले. चार ब्राँझ, पाच रौप्य. पुढच्या वर्षी सत्तरच्या गटात जाणार आणि तिथे एक निवृत्त बोट इंजिनिअर आहे, त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. म्हणजे हीच शेवटची संधी होती. चोवीस शतांश म्हणजे केवढं, माहितीये का साहेब, म्हणाले, आणि माझ्या कानाजवळ कात्री एकदाच वाजवली. एवढंच, म्हणाले.

मग मी सांगणं पुढे ढकललं. गळ्यावर वस्तरा होता हेही एक कारण.

दाढी करून आलो. डोक्याला मालिशही करून घेतली, तेवढाच त्यांना आधार.

९ मार्च

प्रमाणपत्र आलं. जाड कागद, सोनेरी किनार. अण्णांनी भिंग लावून अक्षर न् अक्षर तपासलं, उलटं धरूनही वाचलं. एकही चूक नाही, म्हणाले. ४४.३७ वर बोट ठेवून मला दाखवलं. फ्रेम करून जेवणाच्या टेबलासमोर लावलंय. माझी खुर्ची बरोबर त्याच्या समोर येते. आज अर्धवट जेवलो.

१४ मार्च

नवीन योजना. समोरासमोर बोलण्यात भावनांचा गोंधळ होतो. म्हणून महोत्सव समितीला निनावी पत्र लिहिलं. ऑफिसात बसून टाइप केलं: अमुक गटाच्या अमुक लेनची वेळ संशयास्पद आहे, चौकशी व्हावी. खाली: एक सत्यप्रेमी. आता समिती चौकशी करणार, सत्य आपोआप बाहेर येणार. मी फक्त होकार द्यायचा. मनावरचं ओझं उतरलं. आईस्क्रीम खाल्लं.

२४ मार्च

बाईंचा फोन. निनावी तक्रार आलीय म्हणाल्या, मोठा नाजूक विषय आहे, म्हणून तक्रार निवारणाच्या स्वयंसेवकाकडे सोपवतेय. म्हटलं, अगदी योग्य. कोण आहेत ते? म्हणाल्या, तुम्ही. फॉर्मवर तुम्हीच खूण केलीत. बाकी कुणीच केली नव्हती.

३० मार्च

सहा दिवस चौकशी केली. संबंधित टाइमकीपरशी सविस्तर बोललो, म्हणजे अंघोळ करताना. तो ढसाढसा रडला. पण अहवाल लिहायला बसलो आणि अण्णा चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले. काय लिहिताय म्हणाले, प्रूफ बघून देऊ का?

अहवाल: तक्रारीत तथ्य आढळले नाही. तक्रारदार निनावी असून त्याचा हेतू शुद्ध वाटत नाही.

अण्णांनी ‘हेतू’चा ऱ्हस्व उकार दीर्घ करून दिला.

संध्याकाळी केस कापायला गेलो. काका म्हणाले, साहेब, कापायला काही उरलंच नाही. म्हटलं, मशीन फिरवा.

३१ मार्च

ऑफिसात विचारलं, उवा झाल्या का. नाही म्हटलं.

५ एप्रिल

अण्णांचं काहीतरी बिनसलंय. रोज सकाळी तलावावर जातात, भिंतीवरच्या घड्याळावर वेळ लावून पन्नास मीटर मारतात आणि आल्यावर एका डायरीत टिपतात. आज ते अंघोळीला गेल्यावर डायरी पाहिली. दुसऱ्याची डायरी वाचू नये हे मला कळतं, मी स्वतः लिहितो.

४७.२. ४६.८. ४८.० (रात्री झोप नव्हती). ४७.५. ४८.४. शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात: दीड महिन्यात चार सेकंद. उतरण लागली.

११ एप्रिल

अण्णा डॉक्टरकडे जाऊन आले. हृदय ठणठणीत, फुप्फुसं ठणठणीत. अण्णांना पटलं नाही. म्हणाले, रिपोर्टमध्ये कुठेतरी चूक असणार, चाळीस ओळींत एक तरी सुटतेच.

उद्या सांगतोच.

१२ एप्रिल

नाही जमलं. पाहुणे होते.

१३ एप्रिल

पाहुणे नव्हते.

१६ एप्रिल

अण्णांनी गॉगल आणि टोपी हिच्याकडे दिली, वर ठेवून दे म्हणाले. पहाटे उठत नाहीत. नऊला उठतात, खिडकीशी बसतात, वर्तमानपत्र उलगडतात, पण त्यातल्या चुकांना पेन्सिल लावत नाहीत. तीन दिवसांचे पेपर कोरे.

दुपारी ही स्वयंपाकघरात कांदा न चिरता रडत होती. म्हणाली, बाबांनी मला विचारलं, तुझी आई शेवटी शेवटी कशी हळूहळू चालायला लागली होती, आठवतं का. म्हणाली, फेब्रुवारीत हा माणूस पोरासारखा पोहला आणि आता जिना चढताना कठडा धरतोय. तुम्हाला काही कळतंय का, असं काय झालं असेल?

मला कळत होतं. मी तिथे उभा राहून नळाकडे बघत बसलो. अजून गळतोय. अरे, माझ्यासारखा नालायक माणूस नाही! हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितोय आणि त्यात खोडायला काही सापडत नाही.

१७ एप्रिल, सकाळी

सांगितलं.

कसं सांगायचं याच्या चार पद्धती काढून ठेवल्या होत्या. प्रत्यक्षात अण्णांच्या समोर बसलो आणि धडाधडा बोलून गेलो. हात हलवला ते, शून्य, दीड माणूस, सदतीस, तक्रार, अहवाल. ही दारात उभी होती.

अण्णा ओरडतील असं वाटलं होतं. मनात उत्तरंही तयार होती. त्यांनी चष्मा काढून पुसला. आणि एवढंच विचारलं, मग माझा खरा वेळ किती?

म्हटलं, माहीत नाही.

अंदाजे?

म्हटलं, अण्णा, अंदाज तोच होता.

चष्मा परत घातला. मग म्हणाले, आयुष्यात त्या दिवशी पोहलो तसा कधी पोहलो नव्हतो. कदाचित चव्वेचाळीसही असेल. त्रेचाळीससुद्धा असेल. प्रूफातली चूक मूळ प्रत बघून दुरुस्त करता येते, जावईबापू. तुम्ही मूळ प्रतच ठेवली नाहीत.

मी पाया पडायला वाकलो. ते म्हणाले, बूट घाला.

१७ एप्रिल, दुपारी

बूट घातले. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पदक खिशात टाकलं आणि मला घेऊन सलूनमध्ये गेले. वाटेत मी कल्पना करत होतो की काका गहिवरतील, आम्हा दोघांना मिठी मारतील, मोठ्या मनाने पदक परत करतील, मग आम्ही पण गहिवरू.

काका एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते. अण्णांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. माझी चूक त्यांनी ‘आमच्या घरची चूक’ अशी सांगितली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी दाढी पूर्ण केली. गिऱ्हाईक गेलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, किती वेळा आलात साहेब फेब्रुवारीपासून? म्हटलं, नऊ. म्हणाले, नऊ वेळा या खुर्चीत बसलात.

मिठी नाही मारली. पदकही लगेच घेतलं नाही. म्हणाले, असं दुकानात नको, समितीला सहीनिशी लिहून द्या, ते देतील तसं घेईन. अण्णांना मात्र खुर्चीवर बसवलं आणि चहा मागवला. दोनच कप.

१९ एप्रिल

बाईंना पत्र नेऊन दिलं. वाचून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, घड्याळ सुरू झालं नाही की लगेच हात वर करायचा, राखीव माणूस पळत येऊन तुमच्या लेनची वेळ शिट्टीलाच सुरू केलेल्या आपल्या घड्याळावर घेतो. तो तुमच्या मागे पाच पावलांवर उभा होता. एवढं साधं होतं, प्रशिक्षणात शेवटी हेच तीनदा सांगितलं होतं.

म्हटलं, बाई, मी साडेसातला गेलो होतो.

म्हणाल्या, माहितीये, बिस्किटं संपल्यावर.

४ मे

सुधारित निकाल आला. सलूनवाले काका: सुवर्ण, ४४.६१. तिसऱ्या लेनचा माणूस रौप्यावर गेला. अण्णांच्या नावापुढे: वेळ नोंदलेली नाही.

ते पाचवे नाहीत, नववेही नाहीत. यादीत सगळ्यात खाली, नंबराच्या जागी एक आडवी रेघ. अण्णांनी भिंग लावून पाहिलं. बरोबर छापलंय म्हणाले. भिंतीवरची फ्रेम स्वतः उतरवली. तिथे आता नुसता खिळा आहे आणि मी त्याच्यासमोर जेवतो.

यादीत माझं नाव कुठेच नाही. टाइमकीपर, लेन चार, एवढंच लिहिलंय. खरं तर बाईंनी मला वाचवलं. तरी दिवसभर काळीज कुरतडत होतं.

९ मे

पहाटे साडेपाचला खुडबूड ऐकू आली. अण्णा वरच्या फळीवरून गॉगल शोधत होते. मी उठून काढून दिले. ते म्हणाले की चार सेकंद आपण गमावले असं वाटत होतं, पण ते आपले कधी होते की नव्हते तेच माहीत नाही. मग रडायचं कशासाठी? पहिल्यापासून मोजू.

मला इतकं बरं वाटलं! लगेच ठरवलं: आता प्रायश्चित्त. रोज पहाटे अण्णांबरोबर जाणार, रोज वेळ घेणार, अचूक, शतांशापर्यंत. स्टॉपवॉच नवीन आणणार. अंगठ्याचा व्यायाम आजपासूनच सुरू केला. पन्नास वेळा दाबणे, पन्नास वेळा सोडणे.

१० मे, सकाळी ७.१५

तलावावर तिघेही गेलो. खिशातून नवं स्टॉपवॉच काढलं, दोरी गळ्यात घातली, काठावर उभा राहिलो. अण्णांनी हात पुढे केला. मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते हिच्या गळ्यात घातलं. मला टॉवेल दिला.

अण्णा ठोकळ्यावर चढले आणि हिच्याकडे बघून मान हलवली. हिने हात हलवला नाही. घड्याळ दोन्ही हातांत घट्ट धरून नुसती मान हलवली. शिट्टी नव्हती, तोंडानेच ‘चल’ म्हणाली आणि बटण दाबलं. मीही दाबलं, नुसत्याच अंगठ्याने.

अण्णा भिंतीला टेकले. हिने दाबलं आणि खाली बसून त्यांना घड्याळ दाखवलं. दोघांनी एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. अण्णा हसले, धापा टाकत का होईना, हसले. हीसुद्धा हसली, दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मी धावत गेलो. किती आला, विचारलं. हिने घड्याळ शून्यावर आणलं.

परत विचारलं, अण्णा, किती आला?

अण्णा म्हणाले, टॉवेल.